फोन ज्याचा, बोट त्याचं

(भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)



नांदेड आणि लातूरमध्ये आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून नव्या तंत्रज्ञानाच्या कार्यशाळा घेतो. एआय, यूपीआय, आवाजावर चालणारी ॲप्स, ड्रोन, ऑनलाइन फसवणूक असे विषय असतात. फी नाही, प्रमाणपत्र नाही आणि वयाची अट नाही. या तिसऱ्या गोष्टीवरच लोक सगळ्यात जास्त अडतात. "सहावीतली पोरगी आणि सत्तरीचे आजोबा एका सतरंजीवर बसवून तुम्ही शिकवणार तरी काय?" असं विचारतात.

प्रश्न बरोबर आहे. शाळेपासून इंजिनीअरिंगपर्यंत आपण सगळे वयाप्रमाणे लावलेल्या बाकांवरच शिकलो. पण या कार्यशाळा घेताना माझं एक मत पक्कं होत गेलंय. नवं तंत्रज्ञान शिकायला लागणारं ज्ञान घरात वाटलं गेलेलं आहे. ॲप कुठं उघडायचं हे नातीला माहीत असतं. ॲपने दिलेलं उत्तर खरं वाटतंय का, हे आजोबांना कळतं. दोघांना वेगळं बसवलं तर दोघंही अर्धंच शिकतात. आज याबद्दलच बोलणार आहे.

आधी सक्ती आली

सुरुवात शेतापासून करू. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. आपण काय पेरलं ते शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून नोंदवायचं, तेही शेतात उभं राहून, फोटो काढून. कल्पना चांगली आहे. आपल्या सातबाऱ्यावर काय लिहिलं जातंय ते आपल्याच हातात येतं. पुढं हमीभावाने सोयाबीन विकायची नोंदणी करताना सातबाऱ्यावरचा पेरा बघितला जातो. म्हणजे ही नोंद शोभेची नाही, तिच्यावर पैसे अडतात. नंतर ॲग्रीस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक आला. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाली आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तिची ई-केवायसी आली. त्यात स्वतःच्या आधारचा ओटीपी, आणि शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी.

बघा, ओटीपी हा शब्द मुखेडच्या वाडीतल्या आज्जीलाही माहीत झाला. पण तो कशासाठी असतो, कुणाला सांगायचा आणि कुणाला नाही, हे तिला कुणी बसून सांगितलं नाही. सक्ती दारात आली, शिकवणं मागं राहिलं.

मग घरोघरी काय होतं? नातू करून देतो. नातू लातूरला क्लासला असेल तर चौकातला सेवा केंद्रवाला करून देतो. तो बिचारा मदतच करत असतो, गर्दीत पन्नास जणांचं काम उरकत असतो. पण त्यात पिन त्याला सांगितला जातो, ओटीपी त्याला वाचून दाखवला जातो, आणि फोन काउंटरवर ठेवून माणूस चहा प्यायला जातो. एकदा ही सवय लागली की उद्या फोनवरून कुणीही "साहेब" ओटीपी मागू शकतो, आणि तो दिला जातो. फसवणाऱ्याला वेगळं काही करावं लागत नाही. आपणच सांगायची सवय लावून ठेवलेली असते.

वयाच्या रेघा

शिकवायचे प्रयत्न झालेच नाहीत असं मी म्हणणार नाही. २००१ मध्ये एमकेसीएल उभी राहिली आणि एमएस-सीआयटीमुळं महाराष्ट्रातल्या लाखो लोकांनी पहिल्यांदा माऊस धरला. मराठवाड्यात तर एमएस-सीआयटीचं सेंटर नाही असं तालुक्याचं गाव सापडणं अवघड. पण तिथं जाणारा बहुतेक नोकरीसाठी जायचा, प्रमाणपत्र लागायचं म्हणून.

२०१६ मध्ये अटल इनोव्हेशन मिशन आलं. शाळांना टिंकरिंग लॅबसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान, थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, रोबोटिक्सचे संच. हे सहावी ते बारावीसाठी. २०१७ मध्ये ग्रामीण डिजिटल साक्षरतेची योजना आली, पीएमजीदिशा. ६ कोटी घरांपर्यंत पोचायचं, प्रत्येक घरातून एक माणूस, वय १४ ते ६०, अभ्यासक्रम २० तासांचा. मार्च २०२४ पर्यंत ती चालली आणि आकडा ६ कोटींच्या पुढं गेला. आकडा मोठाच आहे.

पण रेघा बघा कुठं ओढल्या गेल्या. साठीच्या पुढचा माणूस बाहेर. तेरा वर्षांची पोरगी, जी घरातले सगळे फॉर्म भरते, ती पण बाहेर. आणि घरातून एकच जण. मराठवाड्यातल्या घरात "एक जण पाठवा" म्हटलं की कोण जाणार? बहुतेक वेळा तो, ज्याला थोडंफार आधीच येतं. सासू जाईल का? पेन्शन जिच्या खात्यावर येते ती जाईल का? सरकारला कुठंतरी रेघ ओढावी लागते, ते मला समजतं. पण कार्यशाळा घेणाऱ्या आपल्यासारख्यांना ती ओढायची काही गरज नाही.

पाबळ

हे मी नव्याने काही सांगत नाहीये. महाराष्ट्रात याचं फार चांगलं उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यातलं पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधक होते. ते सोडून त्यांनी १९८३ मध्ये पाबळच्या माळावर विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता विज्ञान शिकायचं, आणि ते काम गावाच्या उपयोगाचं असलं पाहिजे. वेल्डिंग, नळजोडणी, माती परीक्षण, रक्तगट तपासणी. पोरं हे शिकायची आणि गावातल्या लोकांची खरी कामं करून द्यायची.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने तिथं फॅब लॅब झाली. संगणकावर काढलेल्या आराखड्यावरून यंत्राने वस्तू कापायची, घडवायची अशी कार्यशाळा. एमआयटीच्या बाहेरची ही पहिली फॅब लॅब. बॉस्टनच्या बाहेर पहिली आली ती पुण्या-मुंबईत नाही, पाबळमध्ये. आज जगभर अशा लॅब आहेत.

पाबळकडून मी एकच गोष्ट उचलली आहे: गावाला अडलेलं काम हाच अभ्यासक्रम. पुस्तकातला धडा पहिला म्हणून आपला पहिला, असं नाही.

दोन तासांत काय होतं

आता आमच्या कार्यशाळेत प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. जागा म्हणजे बहुतेक वेळा सार्वजनिक वाचनालय, नाहीतर समाजमंदिर. लातूरला गंजगोलाईच्या आसपास कार्यक्रम असेल तर व्यापारी, हमाल, त्यांच्या घरातल्या बायका असे सगळे येतात. नांदेडला गोदावरीकाठच्या जुन्या वस्तीत घेतली तर मराठीबरोबर दखनी आणि पंजाबी ऐकू येते. देगलूर-बिलोलीकडं गेलो तर तेलुगू आणि कानडी. तीस-पस्तीस माणसं, दोन तास, एक पडदा, आणि वीज गेली तर पडद्याशिवाय.

पहिली वीस मिनिटं आम्ही काहीच शिकवत नाही. एकच प्रश्न विचारतो: गेल्या महिन्यात फोनमुळं कुठं अडलं? उत्तरं फळ्यावर लिहितो. "गॅसची सबसिडी कुठल्या खात्यावर जायलीय कळंना." "व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली, उघडली तर फोनच बिघडला." "पोरगं एआयवरून निबंध लिहायलंय, त्याला रागवावं का नाही?" ही यादीच आमचा त्या दिवसाचा अभ्यासक्रम.

मग चार-चार जणांचे गट. नियम असा की एका गटात एका घरातले दोघं नकोत आणि एका वयाचेही दोघं नकोत. आपल्या नातीसमोर "मला येत नाही" म्हणायला आजोबांना अवघड जातं. दुसऱ्याच्या नातीसमोर ते चालतं. आणि दुसऱ्याच्या आजोबांवर पोरगी वैतागत नाही, हाही फायदा.

दुसरा नियम फळ्यावर मोठ्या अक्षरात असतो: फोन ज्याचा, बोट त्याचं. लहानांनी बोलायचं, दाखवायचं, पण दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. हा नियम पोरांना फार जड जातो. एक मुलगा तर दोन्ही हात पाठीमागं बांधून बसला होता. पण त्यामुळं त्याला शब्दात सांगावं लागतं. "वर उजवीकडं तीन ठिपके आहेत, त्याच्यावर दाबा." शब्दात सांगायचं म्हणजे आधी स्वतःला नीट कळायला लागतं. बारा वर्षांच्या पोराला फोन "येत" असतो, पण परवानगी म्हणजे काय, एखाद्या टॉर्चच्या ॲपला आपले कॉन्टॅक्ट कशाला हवेत, हे त्याने कधी वाचलेलं नसतं. समोरचे काका विचारतात, "हे 'अलाऊ' म्हणायलंय, कामून म्हणू?" तेव्हा तो पहिल्यांदा थांबून वाचतो.

'लातूरचा...' पुढं काय?

एआय समजावताना मी म्हणींचा खेळ घेते. मी अर्धी म्हण म्हणते, सभागृहाने पुरी करायची. "नाचता येईना..." सगळे ओरडतात, "अंगण वाकडं!" "आधीच उल्हास..." "त्यात फाल्गुन मास!" मग मी विचारते, तुम्ही आत्ता विचार केला का? नाही. इतक्यांदा ऐकलंय की पुढचा शब्द आपोआप आला. आज आपण ज्याच्याशी गप्पा मारतो त्या एआयचा गाभा हाच आहे. प्रचंड मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता असण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज. अंदाज फार चांगला असतो, म्हणून ते हुशार वाटतं. अंदाज आहे, म्हणून ते ठासून चुकीचंही सांगतं.

मग मी म्हणते, "लातूरचा..." आणि थांबते. इथं मजा येते. दहावी-बारावीची पोरं म्हणतात, "पॅटर्न!" चाळीशीच्या पुढचे म्हणतात, "भूकंप." ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट त्यांना अजून आठवते. मधलं कुणीतरी म्हणतं, "दुष्काळ." एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीत १० वॅगन, ५ लाख लिटर, ते ज्यांनी रांगेत उभं राहून भरलं ते हे लोक.

सभागृह एक, शब्द एक, उत्तरं तीन. आता एआयने कुणाचं उत्तर द्यायचं? ज्याच्याबद्दल जास्त लिहिलं गेलं त्याचं. त्याने जे वाचलं त्यातून ते बोलतं. ज्यांनी काही लिहिलंच नाही, त्यांचं त्याला माहीत नाही. हे मी इंजिनीअरिंगच्या मुलांना 'ट्रेनिंग डेटा' म्हणून अर्धा तास समजावू शकते. पण हॉलमध्ये तीन पिढ्या असल्या की तीन मिनिटांत कळतं. सगळे एका वयाचे असते तर हा खेळ झालाच नसता.

सोयाबीन पिवळं पडायलंय

आता आजोबांच्या अर्ध्या ज्ञानाबद्दल. एका कार्यशाळेत अहमदपूरकडच्या एका मामांनी फोनवर बोलून विचारलं, "सोयाबीन पिवळं पडायलंय, काय फवारावं?" ॲपने आधी 'पडायलंय' हा शब्दच चुकीचा ऐकला. आपल्याकडं पाऊस 'पडायलाय', माणूस 'जायलाय'. पुण्याकडं तो 'पडतोय', 'जातोय'. आवाज ओळखणाऱ्या प्रणालीला बोलणं आणि त्याचं लिखित रूप असं जोडीने शिकवावं लागतं. आपली बोली त्यात कमी असेल तर ती अडखळणारच. पोरीने वाक्य प्रमाण मराठीत टाइप करायला सांगितलं. मग लगेच उत्तर आलं. एका कीटकनाशकाचं नाव, प्रमाण, सगळं ऐटीत.

मामा म्हणाले, "यानं मला काहीच विचारलं नाही की." गटातल्या पोरीला कळेना, काय विचारायचं होतं? मग मामांनी तिला शिकवलं. पिवळेपणा वरच्या कोवळ्या पानांवर आहे का खालच्या जुन्या? शिरा हिरव्या राहिल्यात का? सगळा पट्टा पिवळा आहे का मधूनमधून ठिपके? पाणी साचलंय का? कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय, आपल्या चुनखडीच्या जमिनीत ते होतं. खालची पानं आधी पिवळी पडली तर नत्र. हिरवे-पिवळे चट्टे असतील तर मोझॅक, तो पांढऱ्या माशीमुळं पसरतो. एका लक्षणाची चार कारणं, चार उपाय. आणि तीन ठिकाणी तर ते कीटकनाशक वायाच गेलं असतं.

मग आम्ही तेच पुन्हा विचारलं, पण मामांनी सांगितलेल्या खुणांसकट. पोरीने लिहिलं, मामांनी सांगितलं. या वेळी उत्तर बरंच नेमकं आलं, आणि तरीही शेवटी ठरलं की पान घेऊन कृषी विज्ञान केंद्रात दाखवायचं. मला विचाराल तर एआयचं सगळं शिक्षण या पंधरा मिनिटांत झालं. नीट विचारायला विषय माहीत असावा लागतो. उत्तर तपासायलाही विषयच माहीत असावा लागतो. तो मामांकडं होता.

ड्रोनचंही तसंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये नमो ड्रोन दीदी योजना जाहीर झाली, १५,००० बचत गटांना ड्रोन द्यायचे. आम्ही ड्रोनचा व्हिडिओ दाखवतो, सांगतो की साधारण १० लिटर पाण्यात एकरभर फवारणी होते. पोरं टाळ्या वाजवतात. मागून एक मावशी विचारतात, "पाठीवरच्या पंपानं एकराला दीडशे-दोनशे लिटर लागतंय. मग दहा लिटरात औषध किती दाट झालं? अन् वारं सुटलं तर माझ्या शेजारणीच्या मेथीवर जाईल का नाही?" ड्रोन फवारणीच्या नियमावल्या नेमक्या याच दोन गोष्टींवर लिहिल्या जातात: औषधाचं प्रमाण आणि वाऱ्याने उडणारे थेंब. मावशींनी नियमावली वाचलेली नव्हती. त्यांनी तीस वर्षं फवारलं होतं.

पैसे यायला पिन लागत नाही

फसवणुकीचं सत्र आम्ही नाटकासारखं घेतो. एक जण फसवणारा, एक जण फसणारा. पोरं फसवणारा फार छान करतात. "मैं सीबीआय से बोल रहा हूँ, आपके नाम का पार्सल पकड़ा गया है." समोरच्याने फोन ठेवायचा असतो, पण पहिल्यांदा बहुतेक जण ठेवत नाहीत. भीती खरी वाटते, नाटक असलं तरी. म्हणून मग स्पष्ट सांगावं लागतं की डिजिटल अरेस्ट असा प्रकार आपल्या कायद्यात नाहीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं होतं. व्हिडिओ कॉलवरून पोलीस कुणाला अटक करत नाहीत.

तीन वाक्यं आम्ही सगळ्यांकडून पाठ करून घेतो. पैसे यायला पिन लागत नाही, पिन फक्त जायला लागतो. ओटीपी ही सही आहे, सही कुणाला उसनी देत नाहीत. आणि पैसे गेले तर लाजत बसायचं नाही, लगेच १९३० ला फोन करायचा. जितका लवकर फोन, तितकी पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त.

आता आवाजाची नक्कल करता येते. थोडासा नमुना मिळाला की यंत्र तुमच्या पोराच्या आवाजात "आई, ॲक्सिडेंट झालाय, पैसे पाठव" म्हणू शकतं. यावर आम्ही एक उपाय सुचवतो: घरात एक प्रश्न ठरवून ठेवा, ज्याचं उत्तर इंटरनेटवर नाही. हे प्रश्न काढण्यात म्हाताऱ्या बायकांचा हात कुणी धरू शकत नाही. "आपल्या लंगड्या म्हशीचं नाव काय होतं?" एआयला विचारा म्हणावं.

पोराला कळू न देता

लोक म्हणतात, "घरात पोरं आहेत की. म्हाताऱ्यांनी शिकून काय करायचं?" याला माझी दोन उत्तरं आहेत.

पहिलं, पोरं घरात नाहीत. दहावी झाली की लातूरला नाहीतर नांदेडला क्लासला. मग पुणे, हैदराबाद. नांदेडला विष्णुपुरीचं इंजिनीअरिंग कॉलेज १९८१ पासून आहे, विद्यापीठ १९९४ पासून. या दोन जिल्ह्यांतून किती इंजिनीअर बाहेर पडले असतील! आणि बाहेर पडले म्हणजे खरोखरच बाहेर पडले, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. मी पण त्यातलीच. आम्ही तिकडं जगासाठी ॲप बनवतो आणि इकडं आईला ॲपसाठी शेजारच्या पोराला हाक मारावी लागते.

दुसरं उत्तर मला एका मावशींनी दिलं. कार्यशाळा संपल्यावर सगळे गेले, त्या थांबल्या. हळूच म्हणाल्या, "ताई, मला बॅलन्स बघायचं शिकव. पण पोराला कळू न देता." खात्यावर दर महिन्याला १५०० रुपये येतात, ते किती जमले ते त्यांना एकटीला बघायचं होतं. पोरगा वाईट नव्हता. पण आजवर प्रत्येक वेळी त्यानेच बघून सांगितलेलं. स्वतःच्या पैशाचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी त्यांनी कधी बघितला नव्हता. आम्ही दोघी अर्धा तास बसलो. त्यांनी पिन स्वतः ठरवला, मी तोंड फिरवून उभी राहिले. आकडा आला तो त्यांनी मला पण दाखवला नाही. फोन पालथा केला आणि पदराआड धरून हसल्या.

'घरातलं कुणीतरी करून देतं' यात मदत असते, पण त्यात माणसाचा खासगीपणा जातो हे आपण धरतच नाही.

अवघड काय जातं

सगळं छान चालतं असं नाही. बायकांकडं स्वतःचा फोन नसतो. घरातला फोन नवऱ्याबरोबर शेतात किंवा पोराबरोबर कॉलेजात. 'फोन ज्याचा, बोट त्याचं' हा नियम मग तिथं अडतो. अशा वेळी आम्ही आमचे जुने फोन सरावाला देतो, पण सराव आणि आपला फोन यात फरक राहतोच.

वेळेचं पण आहे. पेरणी, काढणीच्या दिवसांत कुणी येणार नाही. लग्नसराईत हॉल मिळणार नाही. आणि एकदा शिकलेलं ॲप सहा महिन्यांत बदलतं, बटण इकडचं तिकडं जातं. म्हणून बटण पाठ करून घेण्यात अर्थ नाही, वाचून, थांबून, विचारून पुढं जायची सवय लावावी लागते. ती दोन तासांत लागत नाही. लोक तिसऱ्या-चौथ्यांदा येतात तेव्हा थोडी दिसते.

बोलीचा प्रश्न आहेच. मोझिलाच्या कॉमन व्हॉइससारखे प्रकल्प आहेत, तिथं लोक मराठीत आवाज देऊ शकतात, वाक्यंही देऊ शकतात. सरकारच्या भाषिणीचं भाषादान आहे. आम्ही ते दाखवतो, आणि लगेच गटांत वाद होतो. एकीकडं सांगता आवाजाची चोरी होते, दुसरीकडं म्हणता आवाज दान करा? वाद बरोबर आहे. मी म्हणते, दोन्ही खरं आहे. आपला आवाज त्यात नसेल तर यंत्राला आपली भाषा येणार नाही. आणि दिला तर तो सगळ्यांसाठी खुला होतो. ठरवायचं ज्याचं त्याने, पण काय ठरवतोय ते समजून. काही जण देतात, काही जण नाही म्हणतात. समजून नाही म्हणणाराही माझ्या हिशेबी शिकला.

पुढं काय

केरळने हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलंय. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात पुल्लमपारा नावाची पंचायत आहे. रोजगार हमीवरच्या बायका खात्यात मजुरी आली का हे बघायला बँकेत जायच्या आणि त्यात दिवस बुडायचा. तिथून विचार सुरू झाला. कामाच्या जागी जाऊन, घरी जाऊन शिकवलं, आणि २०२२ मध्ये पंचायत पूर्ण डिजिटल साक्षर झाली. पुढं तोच प्रयोग राज्यभर गेला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केरळने तशी घोषणा केली. शिकणाऱ्यांत शंभरी ओलांडलेले आजोबा पण होते. तिथं कुणी साठीला रेघ ओढली नाही.

आपल्याकडं जागा आहेत. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभं आहे, अ, ब, क, ड वर्गांची. तालुक्याला आहे, कित्येक गावांत आहे. सकाळी पेपर वाचायला म्हातारी माणसं तिथं येतातच, संध्याकाळी अभ्यासाला पोरं येतातच. फक्त दोघांची वेळ एक करायची आहे. माणसंही आहेत. प्रत्येक कॉलेजात एनएसएसची पोरं आहेत. महिन्यातून एक रविवार, एक हॉल, एक फळा. प्रोजेक्टर नसला तरी चालतं, खरंच चालतं.

सुरू करायचं असेल तर एवढंच करा. शिकवायची यादी घरून नेऊ नका, तिथं विचारा. वयं मिसळा. दुसऱ्याच्या फोनला हात लावू नका. आणि कार्यशाळा चांगली झाली का हे टाळ्यांवरून ठरवू नका. पुढच्या वेळी समोर उभं राहून सांगणारं कोण आहे ते बघा. गेल्या महिन्यात आमच्या लातूरच्या गटात यूपीआयचं सत्र एका निवृत्त एसटी कंडक्टर काकांनी घेतलं. सुट्ट्या पैशांवरून आयुष्यभर भांडण केलेला माणूस, यूपीआय त्यांच्याइतकं मनापासून कोण शिकवणार! मी मागं बसून होते, वीज गेली तेव्हा तेवढी टॉर्च धरली.

तुमच्या गावात असं काही चालू असेल, किंवा करायचं मनात असेल, तर जवळच्या वाचनालयात जाऊन एकदा विचारा, रविवारी हॉल मोकळा असतो का. बहुतेक वेळा असतो.